आखरावरची उपासना

दुसऱ्याच्या जिवाला घोर लावून स्वतः निर्धास्त झोपणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या बाबतीत तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावांचा हात धरील असं कोणी साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात झालं नसेल. परवा फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात. तिकडे अमेरिकेत तुमच्या गावाबाहेर म्हणे एक चर्च आहे, तिथे लोक काउबॉयच्या टोप्या आणि उंच बूट घालून येतात, बाकांऐवजी गवताच्या गठ्ठ्यांवर बसतात आणि प्रार्थनेच्या वेळी टोप्या काढून छातीशी धरतात. 'आजी, तुला असलं काही माहीतच नसेल!' असं म्हणून तुम्ही हसलात. बाळांनो, मला माहीत आहे. तुमचे वडील जन्मायचे होते तेव्हा, जळगाव जामोदला, अशाच एका उपासनेत मी पेटी वाजवली आहे. वाजवताना एक कडवं मी दोनदा वाजवलं, आणि त्याला कारण हे थोरले भाऊ. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. दादा जळगावच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. सरकारने त्यांना गुरांच्या पैदाशीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत पाठवलं आणि ते नेमके गुरांच्या मुलखात जाऊन पडले. जाताना कोट, टाय आणि लोणच्याची बरणी घेऊन गेलेला माणूस परत आला तो रुंद काठाची करडी टोपी घालून. एसटीतून उतरताना ती टोपी दारात अडकली, मागचे उतारू खोळंबले, आणि कंडक्टर म्हणाला, "काढा ना साहेब ते सूप डोक्यावरचं!" दादांनी टोपी काढली नाही. ते तिरके होऊन उतरले. त्या दिवसापासून ती टोपी फक्त दोन वेळा डोक्यावरून उतरत असे, झोपताना आणि प्रार्थनेला. म्हशीची प्रसूती करतानासुद्धा ती डोक्यावर असे. शेतकरी त्यांना आधी 'डाक्टरसाहेब' म्हणत, ते आता 'टोपीवाले डाक्टर' म्हणू लागले आणि दादांना ती बढती वाटली.

टोपीपाठोपाठ बूट आले. अमेरिकेतून आणायला पैसे पुरले नव्हते, म्हणून दादांनी खडूने आमच्या ओसरीवर चित्र काढून गावच्या चांभाराला दाखवलं. त्याने मोटेला वापरतात तसल्या जाड कातड्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट शिवून दिले. ते पायात जात, पण बाहेर येत नसत. आपल्याकडे देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, जाताना वहाणा दाराशी काढायच्या, हे तर तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्याच रविवारी दादा देवळाच्या पायरीवर बसले, दोघांनी एकेक पाय धरून ओढायला सुरुवात केली, आणि आत मी पहिल्या गीताचं धृपद पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. उपासनेचा क्रम मी आदल्या दिवशी लिहून पेटीवर लावून ठेवत असे. गीत, प्रार्थना, वाचन, उपदेश, सगळं ठरलेल्या वेळी झालं म्हणजे मला बरं वाटे. त्या दिवशी दादांचा डावा बूट निघाला तेव्हा खरं तर उपदेश अर्ध्यावर यायला हवा होता. दादा मोज्यांवर आत आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तरीणबाई, चाल फार छान बसली तुमची." मी मिशनच्या शाळेत शिकवत असे आणि नागपूरला कॉलेजात शिकलेली होते, म्हणून ते मला या नावाने हाक मारत.

दोराची गोष्ट तर आठवली तरी अजून माझं लक्ष मागे जातं. तिकडे घोड्यावरून दोराचा फास टाकून वासरं धरतात, ते दादा शिकून आले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. सकाळ-संध्याकाळ अंगणात त्यांचा सराव चाले. आधी खुंटा, मग पाण्याची घागर, मग तुमचे आजोबा. तुमचे आजोबा शाळेचे हेडमास्तर आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी, अगदी शांत माणूस. खुर्चीत बसून वाचत असताना फास गळ्यात पडला तरी ते पान पुरं करूनच दोर काढत. मी मात्र विहिरीवरून येताना भिंतीच्या कडेने येत असे.

जेवताना दादा अमेरिकेतली एकच गोष्ट सांगत. एका रविवारी ते एका मोठ्या गोठ्यावर गेले होते. तिथले गडी घोड्यांवरून उतरले, गवताच्या गठ्ठ्यांवर बसले, एक पाळक, म्हणजे पाद्री, खांबाला टेकून बोलला, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी एकदम टोप्या काढल्या. "पन्नास टोप्या एकदम! पाखरांचा थवा खाली बसावा तसं वाटलं मला," असं सांगताना दादांचा घास हातात राही. "ज्याचा पाळणा गव्हाण होता, त्याला गुरांचा वास काही नवीन नाही. आपणच त्याला चुन्याच्या भिंतीत नेऊन बसवलं." आम्ही हसत असू. पण दादांच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं त्यांच्या बुटांपेक्षा कठीण, हे मला ठाऊक होतं, आणि मी मनात घाबरत होते.

ती गोष्ट बाहेर आली किसनमुळे. किसन गावचा गायकी. आमच्याकडे गावाची गुरं राखणाऱ्याला गायकी म्हणतात. सकाळी गावातली सगळी गुरं वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेवर जमायची, त्या जागेला आखर म्हणायचं, आणि तिथून किसन ती सातपुड्याच्या पायथ्याशी चारायला न्यायचा, ते दिवस मावळताना परतायचा. गुरांना रविवार नसतो, त्यामुळे किसनलाही नव्हता. बाप्तिस्मा झालेला माणूस, पण उपासनेला कधी दिसत नसे. त्याची मुलगी मार्था माझ्याच हाताखाली शिकली. तिचं लग्न चिखलीच्या एका शाळामास्तराशी ठरलं. मुलाच्या बापाचं एकच म्हणणं होतं, लग्न देवळात आणि पाळकाच्या हातून लागलं पाहिजे, नाहीतर सोयरीक मोडली समजा. आणि आमच्या मंडळीचा नियम असा की, जो उपासनेला येत नाही त्याच्या घरचं लग्न देवळात पुकारायचं नाही, आणि उपासनेत असं जाहीर पुकारल्याशिवाय ते तिथे लावायचं नाही.

मंडळीच्या पंचांची बैठक आमच्या ओसरीवर बसली. मुख्य पंच जंगलखात्यातून निवृत्त झालेले जमादार होते. माणूस सरळ होता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही.

"जो मानूस देवळाची पायरी चढत नाही, त्याच्या पोरीचं लगन देवळात कसं लागन?" जमादार म्हणाले. "नेम म्हंजे नेम."

"अन् तो पायरी चढला तर तुमची म्हैस कोन चारीन, जमादार? तुमी?" दादांनी विचारलं.

"माह्या म्हशीचं काढू नका, डॉक्टर."

"काऊन नाही काढू? तुमी देवळात बसता तवा ती किसनच्या भरवशावरच असते ना?"

किसन खाली अंगणात उकिडवा बसला होता. मार्था माझ्यामागे दाराआड उभी होती, तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. दादा उभे राहिले आणि ज्याची मला इतके दिवस भीती होती ते वाक्य बोलले. किसन उपासनेला येऊ शकत नसेल तर उपासना किसनकडे जाईल. आखरावर, सकाळी, गुरं निघायच्या आधी. कडब्याच्या पेंढ्यांवर बसून, थेट अमेरिकेसारखी.

"ह्याले उपासना म्हनाचं का?" जमादार.

"ते मोठ्या पाळकसाहेबांना ठरवू द्या," तुमचे आजोबा सावकाश म्हणाले. मोठे पाळकसाहेब चिखलीला असत, आमची मंडळी त्यांच्याच देखरेखीखाली होती, आणि मुलाचा बाप त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. ते येऊन बघतील. ही उपासना आहे असं ते म्हणाले तर किसन उपासनेला आला असं धरायचं आणि लग्न पुकारायचं. नाही म्हणाले तर विषय संपला.

मार्थाने पदर सोडला नाही. तुमच्या आजोबांनी असा तोडगा काढला म्हणून मला त्यांचं कौतुक वाटलं, पण ते क्षणभरच. एका मुलीचा सगळा संसार आता दादांच्या शिस्तीवर लटकला होता.

आदल्या रविवारी दादांनी तालीम ठेवली. किसनला तालमीची गरज नाही असं त्यांचं मत होतं. तो त्या दिवशी एक हरवलेली गाय शोधायला लांब गेला होता आणि त्याचा लहानगा मुलगा गुरं कशीबशी थोपवून होता. मंडळीतल्या प्रत्येक पुरुषाने टोपी आणायचीच असा दादांचा हुकूम होता. "टोपी काढायची असेल तर आधी ती डोक्यावर हवी," असं म्हणून त्यांनी दोघांना स्वतःचे रुमाल बांधून दिले. सगळे आखरावर ओळीने उभे राहिले. दादा ओरडले, "काढा!" आणि सगळ्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या, माना खाली घातल्या, अगदी चिडीचूप. नेमका बाजाराचा दिवस होता. वाटेने बैलगाड्या चालल्या होत्या. पहिली गाडी थांबली, मग दुसरी. गाडीवानांनी पागोटी काढून मांडीवर ठेवली. समोरच्या हॉटेलवाल्याने भट्टी विझवली आणि हात पुसत आला. कोणा एका म्हातारीने तर गळाच काढला, "कोन गेलं वो बाई? कोन गेलं?"

आपल्याकडे मोठी माणसं चारचौघांत बोडक्या डोक्याने उभी राहत नसत. राहिली तर घरात कोणी मेलं असं समजायचं. देवळाच्या आत टोपी काढायची सवय आमच्या लोकांना झाली होती, पण उघड्या आखरावर गावाने ते पहिल्यांदाच पाहिलं. हॉटेलवाला तुमच्या आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारत होता, "मास्तर, म्हातारी गेली का?" तुमच्या आजोबांच्या आई तेव्हा घरी भाकऱ्या थापत होत्या. दादा मात्र खूश. "पाहिलंत ना? वाटेने जाणारे लोकसुद्धा सामील झाले!" त्या रात्री मला झोप लागली नाही. काहीतरी चुकणार आहे एवढं कळत होतं, पण नेमकं काय, ते माझ्या नीट लिहिलेल्या क्रमात कुठे सापडत नव्हतं.

मग तो रविवार आला. मोठे पाळकसाहेब आदल्या संध्याकाळीच एसटीने आले होते. पांढरा झगा, खांद्यावर शेला, चेहरा असा की त्यावरून काही कळू नये. दादांनी कडब्याच्या पेंढ्या अर्धगोलात मांडल्या होत्या, स्वतः टोपी, बूट आणि खांद्यावर दोर घेऊन उभे होते. गुरं जमली होती. किसन काठीला टेकून एका बाजूला उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवं तांबडं पागोटं, पोरीच्या लग्नासाठी घेतलेलं. बायकांच्या बाजूला मार्था बसली होती. मी पेटी उघडली आणि पहिला सूर धरला, तशी जमादारांची म्हैस कान टवकारून माझ्याकडे चालत आली. दादांनी फास टाकला. तो पाळकसाहेबांच्या खुर्चीच्या पाठीला बसला. पाळकसाहेबांनी तो हाताने काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांचा चेहरा पाहत राहिले आणि त्यामुळे दुसरं कडवं दोनदा वाजवलं.

उपदेश सुरू झाला आणि बैलांच्या लक्षात आलं की आज लोक खाद्यावर बसले आहेत. आधी एका गोऱ्ह्याने मागून एक पेंढी ओढली, मग दुसऱ्याने. पाळकसाहेब बोलत होते आणि मागची ओळ हळूहळू खाली जात होती. कोणी हू की चू केलं नाही. जमादारांनी टोपी काढून मानेचा घाम पुसला आणि टोपी शेजारच्या पेंढीवर ठेवली. मी दादांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा आनंदाने उजळलेला. त्यांना वाटत होतं सगळं अगदी अमेरिकेसारखं चाललं आहे.

मग प्रार्थनेची वेळ आली. दादांनी टोपी काढून छातीशी धरली आणि हाक दिली. सगळी डोकी उघडी झाली. एक सोडून.

किसन तसाच उभा. जमादारांनी हळूच म्हटलं, "किसन, पागोटं काढ."

किसन हलला नाही.

"काऊन बे? आयकू येत नाही?"

"येते," किसन म्हणाला. त्याने दोन्ही हात जोडले होते. "पन पोरीचं लगन हाय ना जी घरात. तिच्या अंगाले हळद लागाची हाय. मी मानसाईत बोडकं डोकं करून कसा उभा राहू? तिचा बाप जितेपनी सुतक पाळून राह्यला म्हनतीन लोकं."

"पाहा, पाळकसाहेब!" जमादारांचा आवाज चढला. "देवापुढं डोकं उघडं कराले तयार नाही, अन् लगन म्हने देवळात!"

वाटेवर माणसं थांबली होती. मार्था उठून उभी राहिली, पुन्हा बसली, तिने तोंडात पदर घातला. मी पेटीवर लावलेल्या माझ्या कागदाकडे पाहत होते आणि त्यावर पुढे 'प्रार्थना' एवढंच लिहिलेलं होतं. मला वाटलं, या सगळ्याला दादा जबाबदार आहेत. त्यांची टोपी, त्यांचं ते पाखरांच्या थव्याचं वेड. किसन देवळात आला नसता, पण निदान असा सगळ्यांसमोर उभा तरी राहिला नसता.

दादा किसनकडे पाहत होते. मग त्यांनी स्वतःच्या टोपीकडे पाहिलं. माझ्या आठवणीत दादांना काय करावं हे कळलं नाही अशी ती एकच वेळ. मग त्यांनी ती टोपी सावकाश उचलली आणि डोक्यावर ठेवली. अगदी नीट, दोन्ही हातांनी. आणि मान खाली घातली.

मी डोळे फाडून बघत होते. दादा मान वर न करता म्हणाले, "मास्तरीणबाई, प्रार्थना सुरू आहे. डोळे मिटा."

मी मिटले नाहीत, म्हणून मला पुढचं दिसलं. तुमच्या आजोबांनी त्यांची काळी टोपी झटकली आणि घातली. त्यांच्यामागे कोणी रुमाल बांधला, कोणी पागोटं चढवलं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोकी झाकली गेली. उरले दोघंच, जमादार आणि मोठे पाळकसाहेब. जमादार पेंढीवर हाताने टोपी चाचपत होते. ती तिथे नव्हती. मागे एक गोऱ्हा तिचा शेवटचा तुकडा चावत उभा होता. पुढे आयुष्यभर जमादार शपथेवर सांगत की टोपी असती तर मी सगळ्यांत आधी घातली असती, आणि आम्ही सगळे ते मानत असू.

पाळकसाहेबांनी आभाळाकडे पाहिलं. सकाळचं ऊन, फारसं कडक नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला, झटकला आणि नांगरावर जाणाऱ्या माणसासारखे सराईत वेढे देऊन डोक्याला गुंडाळला. आतापर्यंत छापील मराठी बोलणारा तो माणूस कोणाकडेही न पाहता म्हणाला, "ऊन लय लागून राह्यलं बाप्पा." आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

आमेन झाल्यावर त्यांनी मांडीवरची दोराची घडी दादांच्या हातात दिली. "डॉक्टर, तुमचा नेम वाईट आहे," ते म्हणाले, आणि जमादारांकडे वळून, "पुढच्या रविवारी लग्न पुकारा." वाटेवरचा हॉटेलवाला लांबूनच ओरडून विचारत होता की आज कोणी गेलं का. किसन म्हणाला, "कोनी नाही गेलं बाप्पा, लगन हाय!" आणि गुरं हाकत निघाला, कारण त्यांना उशीर झाला होता.

त्यानंतर काही काळ अधूनमधून आखरावर उपासना होत राहिली. दादांनी पेंढ्यांऐवजी दगड मांडले. फास त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. मग त्यांची बदली झाली, बूट फाटले, आणि आखराच्या जागी हळूहळू घरं उठली. मार्था चिखलीहून दर नाताळाला मला भेटायला येई. मी अजूनही उपासनेचा क्रम लिहून ठेवते आणि तो पाळला जातो, कोणी काही बिघडवत नाही. खरं सांगायचं तर कधी कधी फार लवकर संपते उपासना.

दादा खूप म्हातारे होऊन गेले, जळगावलाच. आम्ही त्यांना कब्रस्तानात नेलं तेव्हा टोपी शवपेटीवर ठेवली होती. तिचा काठ एका बाजूला झडून गेला होता. प्रार्थना सुरू झाली. मंडळीतल्या नव्या लोकांपैकी कोणी टोपी घालत नव्हतंच, त्यामुळे काढायचाही प्रश्न नव्हता. भिंतीपाशी किसन उभा होता, पाठीत वाकलेला, डोक्यावर जुनं पागोटं. त्याला कोणी काही सांगितलं नाही. त्याने काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी पागोटं उतरवलं आणि छातीशी धरून उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या केसांवर ऊन पडलं होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले, सबंध प्रार्थनाभर. डोळे मिटा म्हणणारं आता कोणी नव्हतं.